नवी गादी निवडताना: आधी अंग, मग पलंग, शेवटी दुकान

गादी घ्यायला गेलं की आपण बहुतेक जण एकच करतो. तळहाताने दाबून बघतो, कडेला बसून दोन हिसके देतो आणि "ही बरी वाटते" म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. कंबर अधूनमधून धरायची, म्हणून जितकी कडक तितकी चांगली या समजुतीने दुकानातली सर्वांत टणक गादी उचलली. पहिला आठवडा झकास गेला. तिसऱ्या आठवड्यात पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. मी कुशीवर झोपतो आणि त्या गादीत खांद्याला आत जायला जागाच नव्हती. गादीचा माल चांगला होता, अजूनही ती जशीच्या तशी आहे. फक्त ती माझ्या अंगासाठी नव्हती, आणि हे मला दुकानात कळू शकलं असतं.

म्हणून ही सगळी उठाठेव, क्रमाने.

पायरी १: दोष गादीचाच आहे का?

चादर काढा आणि गादीवर आडवी एक सरळ काठी ठेवा. झाडूची दांडी चालेल. जिथे रोज कंबर टेकते तिथे दांडीच्या खाली किती पोकळी राहते ते पट्टीने मोजा. तीन-चार सेंटिमीटरचा खड्डा दिसला तर त्या गादीचे दिवस भरले. पण लगेच दुकान गाठू नका. तीच गादी दोन रात्री जमिनीवर टाकून झोपा. खड्डा कमी झाला आणि झोप सुधारली, तर झोळ पलंगाला पडलाय. तशा पलंगावर नवी गादी टाकली तरी वर्षभरात तीही त्याच आकाराची होईल.

दुखणं कुठे आणि कधी, हेही नीट बघा. सकाळी खांदा किंवा कमरेच्या बाजूचं हाड ठणकत असेल, तर गादी बहुधा फार कडक आहे. कमरेच्या वर, पाठीचा खालचा भाग आखडत असेल, तर ती फार मऊ आहे किंवा खचली आहे. नुसती मान अवघडत असेल तर आधी उशी बदलून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अंग मोकळं होत असेल तर संशय गादीवर घ्यायला हरकत नाही. दिवसभर दुखत असेल किंवा पायात कळ उतरत असेल, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जायला हवं.

गादीचं सर्वसाधारण आयुष्य सात ते दहा वर्षं धरतात. मी वर्षांपेक्षा दांडीवर जास्त विश्वास ठेवतो.

पायरी २: झोपता कसे, वजन किती, शेजारी कोण

गादीचं काम एवढंच, की जागेपणी ताठ उभं राहिल्यावर पाठीच्या कण्याचा जो आकार असतो, साधारण तोच झोपेतही राहावा. माणूस काही फळीसारखा सपाट नसतो. खांदा आणि नितंब जड आणि बाहेर आलेले, कंबर आत गेलेली. जड भागांना थोडं आत जाऊ द्यायचं आणि पोकळ भागाला खालून आधार द्यायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी गादीला करावी लागतात.

कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार एका खांद्यावर आणि एका नितंबावर येतो, त्यामुळे त्याला वरचा थर जरा मऊ लागतो. उताणं झोपणाऱ्याला मध्यम-कडक गादी मानवते. पालथं झोपणाऱ्याचं पोट मऊ गादीत बुडतं आणि कंबर उलटी वाकते, म्हणून त्याने कडककडे झुकावं. रात्रभर कुशी बदलत राहणारे आपल्यातले बहुसंख्य, त्यांनी सकाळी जाग येते तेव्हा आपण कोणत्या स्थितीत असतो ते धरून चालावं.

वजनाचा हिशेब लोक विसरतात. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी दगडासारखी लागते, तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ लागते, कारण तो तिच्यात खोलवर जातो. त्यामुळे "माझ्या भावाकडे आहे, फार छान आहे" हा सल्ला भावाचं वजन विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोघांच्या वजनात किंवा सवयीत मोठा फरक असेल, तर दोन वेगवेगळ्या कडकपणाच्या सिंगल गाद्या शेजारी शेजारी लावून वर एकच चादर घालणं हा सरळ उपाय आहे. मधली फट जाणवते खरी, पण तिच्यावर पातळ टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा वेगळा थर, टाकला की काम होतं. शेजारच्याच्या हालचालीने जाग येणाऱ्यांनाही हेच बरं.

तान्ह्या बाळाचा नियम वेगळा. त्याला सपाट आणि टणक गादीच हवी. अंगाचा आकार घेणारा मेमरी फोम नको, मऊ टॉपर नको. पाळण्याची कड आणि गादी यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट राहता कामा नये. इथे आरामाचा विचार करायचा नसतो. बाळाचं तोंड-नाक मऊ भागात रुतून श्वास अडण्याचा धोका खरा असतो.

आणि ती "पाठीला कडक गादी चांगली" ही समजूत. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर एक चाचणी झाली, ती २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम-कडक. ९० दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. त्यांच्या मापात १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी २.३ वर होती आणि मध्यम-कडक ५.६ वर. म्हणजे ज्या गादीने जास्त आराम दिला ती जवळपास मधोमध होती. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

त्याच दमात सांगतो, "ऑर्थोपेडिक" या शब्दामागे कुठलंही ठरलेलं वैद्यकीय माप नाही. कुठल्याही गादीवर तो छापता येतो आणि छापतात.

पायरी ३: पलंग मोजा

आतली लांबी-रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मधोमध. लाकडी पलंग अगदी काटकोनात असतातच असं नाही. सर्वांत कमी आलेलं माप धरा आणि चादर खोचायला बोटभर जागा सोडा. लांबी झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त हवी.

"क्वीन", "किंग" या नावांवर जाऊ नका. अमेरिकेतली किंग ७६ इंच रुंद असते, ब्रिटनमधली ६० इंच. नाव एकच आणि फरक सव्वा फुटाहून जास्त. पावतीवर आकडेच लिहून घ्या.

पलंगाला खाली पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधली फट सात-आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर फोम फटीत उतरतो. सलग प्लायवुड असेल तर त्याला वारा जायला भोकं पाडून घ्या. खाली सामानाचा बंद कप्पा असलेल्या पलंगात तर हे करायलाच हवं. अंगातून रात्रभर जी वाफ निघते ती गादीत उतरते. खालून वाट नसेल तर गादीच्या पोटाला ओल धरते आणि एक दिवस गादी उचलल्यावर काळे ठिपके दिसतात.

उंचीही धरा. गादी टाकून पलंगाच्या कडेला बसल्यावर पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. गुडघे दुखणाऱ्या घरच्या माणसांसाठी हे माप सर्वांत महत्त्वाचं. दहा इंचांची फुगीर गादी आधीच उंच असलेल्या पलंगावर टाकली की त्यांना रोज चढ-उतार करावी लागते.

जिना आणि लिफ्टचं वळणही मोजून ठेवा. फोम वाकतो, स्प्रिंगची गादी वाकवू नये.

पायरी ४: पोटात काय आहे?

*कापूस.* हवा खेळते, घाम शोषला जातो, उन्हात टाकली की ताजी होते. पण कापूस दबतो आणि गोळे होतात. पिंजून पुन्हा भरून घेता येते ही तिची मोठी सोय. या यादीतली दुसरी कुठलीच गादी अशी दुरुस्त होत नाही.

*काथ्या.* नारळाच्या सोडणाचे धागे रबराच्या चिकाने बांधून केलेला थर. कडक, वारा जाणारा. खांद्याला फारसा आत घेत नाही, म्हणून नुसती काथ्याची गादी कुशीवर झोपणाऱ्याला बोचते. वर फोमचा किंवा लॅटेक्सचा थर असेल तर चालते. काही वर्षांनी धागे तुटून भुसा पडायला लागतो.

*साधा फोम,* म्हणजे पॉलियुरेथेन. हलका, सर्वत्र मिळणारा, आणि यातच सर्वांत जास्त फसवाफसवी. त्याच्यासाठी पुढची आख्खी पायरी ठेवली आहे. "एचआर" (हाय रेझिलियन्स) फोम हा याचाच जास्त उसळी मारणारा भाऊ, कूस बदलायला सोपा.

*मेमरी फोम.* १९६६ मध्ये नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी हा तयार झाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. खांदा-नितंबाला सुख मिळतं, शेजारच्याची हालचाल पोचत नाही. पण त्याच उबेमुळे गरम खोलीत तो घामटवतो आणि जास्त बसतो, तर थंड खोलीत सुरुवातीला फळीसारखा लागतो. सावकाश उसळत असल्याने कूस बदलायला जोर लागतो. कंबर धरलेल्या माणसाला हे आवडेलच असं नाही.

*लॅटेक्स.* रबराच्या झाडाच्या चिकाचा फेस करून भाजलेला. मऊ असूनही लगेच उसळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वजनाला भलताच जड, एकट्याने फिरवता येत नाही. 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी टक्केवारी विचारा, कृत्रिम रबर मिसळलेला माल भरपूर असतो. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

*स्प्रिंग.* दोन प्रकार. बॉनेलमध्ये डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून एक दबली की शेजारणही हलते. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत असते, ती आपापली दबते. दोघांच्या पलंगाला पॉकेटच घ्या. वारा खेळण्यात स्प्रिंगची गादी फोमपेक्षा उजवी. मात्र तिच्यातही अंगाला लागतो तो वरचा फोमच, आणि आधी बसतो तोही तोच.

पायरी ५: वजनकाटा काढा

विक्रेता म्हणतो "हाय डेन्सिटी आहे, एकदम कडक". या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. ४० डेन्सिटी म्हणजे ४० किलो. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा फोम मऊही करता येतो आणि कमी घनतेचा कडकही. घनता गादी किती वर्षं टिकेल ते सांगते, कडकपणा आज रात्री कसं वाटेल ते. कमी घनतेचा कडक फोम दुकानात उत्तम वाटतो आणि दोन वर्षांत बसतो. फसतो तो माणूस इथेच.

माझी रेषा अशी: मोठ्या माणसाच्या रोजच्या गादीत मुख्य थराचा फोम ३२ च्या खाली नको, ४० असला तर उत्तम. वजन जास्त असेल तर ४० च्या खाली उतरूच नये. मेमरी फोम असेल तर ५० च्या आसपास किंवा वर.

आणि हा आकडा तपासता येतो. लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजून गुणा आणि ६१,००० ने भागा. आला तो आकडा घनमीटर. ७२ बाय ६०, सहा इंच जाड फोम: गुणाकार २५,९२०, भागल्यावर ०.४२५. तो ४० डेन्सिटीचा असेल तर वजन १७ किलो भरलं पाहिजे, ३२ चा असेल तर साडेतेरा. गादी उभी करून काट्यावर ठेवा, किंवा तुम्ही तिला धरून काट्यावर उभे राहा आणि नंतर स्वतःचं वजन वजा करा. कापडी खोळीचे एक-दोन किलो सोडा. उरलेला आकडा अकराच्या आत आला आणि छापील माहितीत ४० लिहिलं असेल, तर पुढे काही बोलायची गरज नाही. वेगवेगळे थर असतील तर उत्तर सरासरी येईल, पण थापा तरीही पकडल्या जातात.

दुकानात काटा आणायला सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऑनलाइन घेताना वजन माहितीत लिहिलेलं असतं, तिथे हा हिशेब घरबसल्या होतो. प्रत्येक थर किती इंचांचा आणि किती घनतेचा हे जो सांगत नाही, त्याची गादी मी घेत नाही.

पायरी ६: झोपून बघा, खरोखर झोपून

सैल कपडे घालून जा. संध्याकाळी दमून जाऊ नका, तेव्हा कुठलीही गादी स्वर्ग वाटते. चपला काढा, दुकानातली फुगीर उशी बाजूला करा आणि शक्य असेल तर घरची उशी घेऊन जा. लाजू नका.

आधी उताणे पडा. पाच मिनिटं काहीच ठरवू नका, कारण पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक मऊ गादी चांगली वाटते. मग हाताचा पंजा, तळवा खाली करून, कमरेच्या खोलगट भागाखाली सरकवा. हात आरपार सहज निघाला आणि वर पोकळी जाणवली, तर गादी फार कडक. हात शिरतच नसेल आणि नितंब खाली गेल्यासारखे वाटत असतील, तर फार मऊ. थोडा अडखळत, घासत सरकला की बरोबर.

आता कुशीवर. सोबतच्याला मागून तुमच्या पाठीचा फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेष जमिनीला समांतर हवी. मध्ये झोळ असेल तर मऊ, खांदा वर उचलून मान खाली वाकलेली दिसली तर कडक. माझ्या वेळी हा एक फोटो काढला असता तर पुढच्या मुंग्या टळल्या असत्या. या स्थितीत दहा मिनिटं तरी राहा. खालचा हात जड व्हायला लागला की तेच उत्तर.

मग दोन-तीनदा कूस बदला. प्रत्येक वेळी हाताने रेटावं लागतंय का? कडेला बसून बुटाची नाडी बांधायला वाका. घसरल्यासारखं झालं तर कडेचा आधार कच्चा. दोघं असाल तर एकाने डोळे मिटून पडावं आणि दुसऱ्याने उठावं-बसावं.

एका फेरीत चारपेक्षा जास्त गाद्या बघू नका, पाचवीपर्यंत अंगाचं मत बोथट होतं.

पायरी ७: कागद

वॉरंटीची वर्षं मोठ्या अक्षरात असतात. तुम्ही बारीक अक्षरातलं एकच वाक्य शोधा: किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून देणार. बऱ्याच ठिकाणी एक ते दीड इंचाची अट असते, आणि पाठ त्याच्या आधीच बोंबलायला लागते. डाग पडला की वॉरंटी गेली, हीही अट नेहमीची, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर, म्हणजे डाग आत जाऊ न देणारं आवरण, घाला. परत घेण्याची मुदत असेल तर उचलून नेण्याचा खर्च कुणाचा आणि पैसे परत मिळतात की नुसती बदली, हे लेखी घ्या. फोमला सर्टीपूर-यूएस, कापडाला ओएको-टेक्स असे शिक्के असतील तर घातक रसायनांची तपासणी झालेली असते. गादी आरामदायी आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

पायरी ८: घरी आल्यावर

गुंडाळून, हवा काढून आलेली गादी लवकर उघडा, महिनाभर तशीच ठेवू नका. पूर्ण फुलायला एक ते तीन दिवस जातात. नव्या फोमचा वास खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत ओसरतो. खोळीला चेन दिसली म्हणून लगेच काढून धुवायला जाऊ नका. काही मेमरी फोमच्या गाद्यांत आगीपासून बचावासाठी आतल्या अस्तरात काचतंतू असतात. खोळ काढली की ते घरभर पसरतात आणि अंगाला खाज सुटते. आधी लेबल वाचा.

दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. उलटी करायची की नाही ते गादीवर अवलंबून. वर मऊ थर असलेल्या गाद्या एकाच बाजूच्या असतात. कापसाची गादी उन्हात टाका, फोम आणि लॅटेक्स मात्र कडक उन्हात नको. फोम पिवळा पडून भुरभुरतो, लॅटेक्सला चिरा जातात. त्यांना सावलीत वारा पुरे. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा त्रास होत असेल तर चादरी-अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा.

पहिले तीन आठवडे उशाशी कागद ठेवा आणि रोज सकाळी एकच ओळ लिहा: कुठे दुखलं, कितीदा जाग आली. पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी फारशा मोजू नका, जुन्या खड्ड्याची सवय सुटायला तेवढा वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यातही तीच ओळ येत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत फोन करा. ती तारीख कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. मुदत नसेल तर एवढं लक्षात ठेवा, की फार कडक गादी वर टॉपर टाकून सुधारता येते, फार मऊ गादीला इलाज नाही. दोन्हींत अडकलात तर कडककडे झुका.

माझ्या त्या टणक गादीवर शेवटी दोन इंचांचा लॅटेक्सचा थर टाकला. हाताला मुंग्या यायच्या थांबल्या, पण पलंग आता इतका उंच झालाय की बसल्यावर पावलं टेकत नाहीत.